विषय : एच-६१ मदरबोर्डची बायोस फाइल न देणे व ग्राहकाचा अपमान करणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या माणसाने मी बोलत असतानाच फोन ठेवला, म्हणून हे पत्र.

बोर्ड तुमचाच, २०१२ साली घेतलेला. त्यावर आय-थ्री २१०० प्रोसेसर होता. तुमच्या वेबसाइटवरच्या यादीत आय-फाइव्ह ३४७० आहे, कुठल्या बायोसपासून (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम) चालेल तेही छापलंय. ती यादी बघूनच मी ३४७० घेतला. बसवला तर पंखा फिरतो, डिस्प्ले नाही. जुना परत लावला की मशीन चालू. म्हणजे बायोस जुना आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण यादी तशीच ठेवून नव्या बायोसची फाइल तुम्ही काढून टाकली आहे.

आता आजचा फोन. आधी म्हणाला, रॅम काढून खोडरबरने पुसा. आजवर चार फोन केले, चारही वेळा हेच ऐकलंय. मी म्हटलं, याच रॅमवर जुना प्रोसेसर चालतो. मग म्हणाला, एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) कमी पडतोय. अहो, २१०० हा ६५ वॅटचा, ३४७० हा ७७ चा. १२ वॅटनं डिस्प्ले जातो? मी पुन्हा फाइल मागितली. तर म्हणाला, "काका, तुम्हाला नाही जमणार हे. घरात कुणी शिकलेलं असेल तर त्याला फोन द्या."

मी २८ वर्षं सोलापुरी चादरींची डिझाइनं काढतोय. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, एक वाकली तरी बोर्ड गेला, म्हणून भिंग लावून प्रोसेसर बसवलाय. हे सांगत होतो, तर म्हणाला, "भंगारात टाका, नवीन घ्या." आणि फोन ठेवला.

नवीन घेऊन काय करू? माझ्या जेकार्डच्या, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या, सॉफ्टवेअरचं डोंगल (त्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) मागच्या प्रिंटर पोर्टला लागतं. हल्लीच्या मशीनला तो पोर्टच नसतो. डिझाइन अडलं की कारखान्यातले माग थांबतात.

तुम्हीच सांगितलं म्हणून कॅबिनेट घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. दिवसाची कमाई बुडाली. वॉरंटी संपली म्हणून तिथे कुणी हातसुद्धा लावला नाही. वॉरंटी मागितलीच कुणी? मी फाइल मागतोय. भलत्या साइटवरची चुकीची फाइल चढवली तर बोर्ड कायमचा बसेल, म्हणून तुमच्याकडेच मागतोय.

माझ्या शब्दावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार कारखानदारांनी तुमचे बोर्ड घेतले. त्यांना आता काय तोंड दाखवू?

आठ दिवसांत फाइल आली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, मुंबईला यायची गरज नाही.

बोर्डावरचा मॉडेल आणि रिव्हिजन नंबर दिसेल असा फोटो जोडला आहे. आता फोन करू नका, फाइल पाठवा.

एक ग्राहक,
सोलापूर