वैऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांधाच्या कारणावरून सख्ख्या भावांत, चुलत्या-पुतण्यांत डोकी फुटल्याच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर सारख्या वाचायला मिळतात. वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला आलेले रान आक्रसले आणि हातभर मातीसाठी कुऱ्हाडी निघू लागल्या. सध्या आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू आहे. या दिवसांत मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जे वाचले जाते, ते या बातम्यांपासून मुळीच दूर नाही, म्हणून लिहितो आहे.

"आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा," असे येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो. आपण उपासनेत देशासाठी, आजाऱ्यांसाठी, सगळ्या जगासाठी प्रार्थना करतो. सगळ्या जगासाठी मागणे सोपे असते. ज्याच्याशी कोर्टात तारखा चालू आहेत त्याचे नाव घेऊन, त्याच्या लेकराबाळांचे भले होऊ दे, त्याच्याही विहिरीला पाणी राहू दे, असे म्हणून पाहावे. सुरुवातीला जीभ रेटत नाही. पण सकाळी ज्याच्या पोरांसाठी मागणे केले, त्याच्यावर दुपारी काठी उगारणे जड जाते. अहिंसा मला तरी इथून सुरू होताना दिसते.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, त्याच ५ व्या अध्यायात, आणखी एक कडक सूचना आहे. वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. चूक कुणाची, हे तिथे विचारलेलेच नाही. उठून जायचे ते आपणच.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या ओळखीच्या एका मंडळीत दोन चुलतभाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. एक पुढच्या बाकावर, दुसरा दाराजवळ. प्रभुभोजनालाही एकजण दुसरा परत फिरल्यावरच उठायचा. पाळकबाईंनी दोघांना समोरासमोर बसवले नाही की उपदेश केला नाही. रोज एकमेकांच्या घरातल्या माणसांची नावे घेऊन प्रार्थना करायची, एवढेच दोघांकडून कबूल करून घेतले. पुढे धाकट्यानेच निरोप धाडला आणि दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज भरला, फी निम्मी निम्मी. खुणा रोवल्या तेव्हा थोरल्याच्या रानातली दोन तासे (नांगराच्या ओळी) धाकट्याकडे गेली. थोरला नाराज झाला, अजूनही आहे. पण धाकट्याच्या मुलीच्या लग्नात तोच वाढायला उभा होता. माझ्या लेखी हे पुष्कळ आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे ते. क्षमेची ही शिकवण आपल्याकडे बहुधा मार खाणाऱ्यालाच ऐकवली जाते. नवरा दारू पिऊन मारतो म्हणून रडत आलेल्या बाईला "प्रार्थना कर, सहन कर, दुसरा गाल पुढे कर" असे सांगणारे वडीलधारे मी पाहिले आहेत. हा सल्ला पवित्र शास्त्राच्या नावावर खपवू नये. योहानाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय काढा. महायाजकापुढे उभ्या असलेल्या येशूला शिपाई चपराक मारतो. येशू हात उगारत नाही, पण गप्पही बसत नाही. माझे बोलणे चुकले असेल तर दाखव, बरोबर असेल तर मला का मारतोस, असे तो तोंडावर विचारतो. प्रेम असे ताठ मानेने उभे राहते.

ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमथी, यांना गाडीत झोपेत असताना जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्यानंतरही बारीपद्याला राहून कुष्ठरुग्णांचे काम पुढे चालवले. खटला मात्र रीतसर चालला, मुख्य आरोपी दोषी ठरला आणि त्याची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या माउलीने मनात वैर ठेवले नाही, म्हणून कायद्याचे काम अडले नाही.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्याकडे येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात. पहिला उद्गार क्षमेचा, "हे बापा, त्यांना क्षमा कर." मराठवाड्यातल्या सर्व पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे, की यंदा त्या उद्गारावर बोलताना योहानातली ती चपराकही वाचावी. घरात मार खाणाऱ्या बहिणींना व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे, की नवऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोनही करा. त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जायला मंडळीतल्या दोन बायका तयार ठेवाव्यात.

आपला,
एक वाचक, जालना