ट्रकची डावी बाजू

कराड, रविवार

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर खंबाटकी घाटातली हकीकत सांगत होतीस तेव्हा तुझा आवाज अजून थरथरत होता, म्हणून मी मध्ये बोललो नाही. ट्रेलरने तुला कठड्याकडे दाबले, हॉर्न वाजवूनही तो थांबला नाही, आणि शेवटी "ट्रकवाले माजले आहेत, बाबा" असे म्हणून तू फोन ठेवलास. ज्यांच्या जिवावर आपले घर तीस वर्षे चालले त्यांच्याविषयीचे ते वाक्य मला लागले, हे लपवत नाही. पण राग बाजूला ठेवून तुझ्या हकीकतीचा विचार केला तेव्हा तिथे काय घडले असावे ते मला दिसू लागले. पुणे-कराड रस्ता आता तुझा दर पंधरवड्याचा झाला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

तू म्हणालीस, वळणाच्या आधी ट्रेलर उजवीकडे सरकला आणि डावीकडे जागा मोकळी झाली म्हणून तू पुढे घुसलीस. ती जागा त्याने तुला दिलेली नव्हती. ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या अंगाने कापत येतात. म्हणून डावे वळण घ्यायचे असेल तर चालकाला आधी उजवीकडे जाऊन वळणाला जागा करावी लागते. तू ज्या मोकळ्या पट्ट्यात शिरलीस तिथे क्षणभराने त्याच्याच गाडीचा मागचा भाग येणार होता. तुझा हॉर्न म्हणशील, तर घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ओरडणाऱ्या इंजिनाच्या आवाजात तो त्याला ऐकू आला असेल असे मला वाटत नाही. आणि त्याच्या उंच केबिनमधून, डाव्या दाराच्या खाली चिकटून चाललेली तुझी छोटी गाडी त्याला दिसणेही कठीण होते.

आमच्या वेळी ती दिसली असती, कारण डावीकडे क्लीनर बसलेला असे. तुला आपल्या जुन्या गाडीवरचा तो काटकुळा पोरगा आठवत असेल, जो तुला खांद्यावर घेऊन टपावर चढवायचा आणि आईची बोलणी खायचा. टायरची हवा पाहणे, दोर आवळणे, काच पुसणे ही त्याची कामे लोकांना दिसत. पण त्याचे खरे काम डावीकडचा डोळा होण्याचे होते. कोणी डावीकडून घुसले की तो दारावर थाप मारी आणि चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. चार-पाच वर्षे असा उस्तादाच्या शेजारी बसून तो घाट, उतार, ब्रेक तापल्याचा वास, सगळे शिके, रिकाम्या गाडीवर हात बसवी आणि मग परवाना काढून स्वतः चालक होई. डिझेल, टोल, विमा आणि बँकेचा हप्ता वाढत गेला, भाडे मात्र त्या मानाने वाढले नाही, तेव्हा आम्ही गाडीमालकांनी सर्वांत आधी क्लीनरचा पगार वाचवला. त्या बचतीने ट्रकचा डावा डोळा गेला आणि चालक तयार होण्याची शाळाही बंद पडली. आज चालक मिळत नाहीत म्हणून आम्ही हुंडेकरी, म्हणजे मालवाहतुकीचा धंदा करणारी मंडळी, अड्ड्यावर चहा पीत हळहळतो, तेव्हा ही गोष्ट कोणी काढत नाही.

देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता आहे असे नितीन गडकरी यांनी सांगितले आहे. माझ्यापुरती ती कमतरता म्हणजे दिवाळीपासून अंगणात उभी असलेली दहा चाकी. तिचा चालक पुण्यात घरपोच सामान पोहोचवण्याच्या कामाला लागला, कारण तिथे रात्री घरी झोपायला मिळते. आणखी एकाने मला स्पष्टच सांगितले की ट्रक चालवतो म्हटल्यावर त्याला मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास लिहिलेले होते, पण बंदराच्या दारात रांगेत गेलेले तास त्यात कोण धरत होते? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे. रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांत मात्र इंजिनाच्या धगीशेजारीच बसावे लागते. जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी गाड्या उभ्या केल्या तेव्हा पेट्रोल पंपावरच्या रांगेमुळे तू वैतागली होतीस. जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची जी तरतूद त्यांना नको होती, ती कागदावर योग्यच वाटते. पण चूक कोणाचीही असो, थांबलेल्या चालकाला जमाव आधी मारतो, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. तू अकरावीत असताना जेएनपीटी बंदरात साखर उतरवून आलेल्या चालकाला मी त्याच रात्री परत पाठवले, कारण दुसरा माणूस नव्हता आणि हप्त्याची तारीख जवळ आली होती. शिरवळजवळ त्याचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर चढली. रस्त्यावर शेजारी दुसरी गाडी नव्हती, म्हणून निभावले. मी घरी टायर फुटल्याचे सांगितले होते. त्या रात्री तिथे तुझ्यासारखी कोणाची मुलगी असती तर लोकांनी चालकाला शिव्या दिल्या असत्या, आणि मी इथे गादीवर बसलेलो असतो.

परतीच्या वाटेवर मला खंबाटकीपेक्षा पुण्यात शिरतानाच्या नवले पुलाची काळजी वाटते. कात्रजचा नवा बोगदा संपला की पुलापर्यंत सलग उतार आहे. कारमध्ये तो जाणवत नाही, पण अठ्ठावीस टनांच्या गाडीला तो सतत पुढे ढकलत असतो. जाणता चालक तिथे आधीच खालचा गियर टाकून इंजिनाच्या ताकदीवर गाडी रोखून धरतो. नवखा ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, ब्रेक तापतात आणि ऐन गर्दीत पकड सोडतात. काही महाभाग डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करतात, त्यांच्याविषयी तर बोलूच नये. नोव्हेंबर २०२२ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे झालेल्या मोठ्या अपघातांविषयी तू वाचले आहेस. त्या उतारावर ट्रकच्या पुढे दिसणारी मोकळी जागा पाहून तिथे गाडी घालू नकोस. ती त्याने थांबण्यासाठी राखलेली असते, आणि तू तिथे शिरून ब्रेक दाबलास तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. मागून वेगात ट्रक येत असेल तर त्याला पुढे जाऊ दे. त्याच्या बाजूच्या आरशात चालकाचा चेहरा तुला दिसत नसेल, तर तूही त्याला दिसत नाहीस असे धरून चाल.

ट्रकवाल्यांचे सगळेच बरोबर असते असे माझे म्हणणे नाही. उजवी मार्गिका अडवून रांगणारे, मागचा दिवा न लावता रात्री कडेला गाडी उभी करणारे आमच्यात भरपूर आहेत, आणि डावी मार्गिका दुचाक्यांनी व उभ्या वाहनांनी भरलेली असते ही सबब दर वेळी खरी नसते. अशा वेळी डिपर दे, उजवीकडून जागा मिळेपर्यंत थांब, दहा मिनिटे उशीर झाला तरी आई जेवायची थांबते.

येत्या शनिवारी उजेडातच नीघ. आल्यावर तुझी गाडी अंगणातल्या दहा चाकीच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाशी लाव आणि चालकाच्या जागेवर चढून बस. किल्ली मी काढून ठेवली आहे, उश्या आईने उन्हात घातल्या आहेत. तिथून तुझी गाडी कुठे दिसते का, ते मला खाली उतरून सांग.

तुझा,
बाबा