प्रयोगशाळेतल्या मामांना

मामा,

तुम्ही ३१ तारखेला निवृत्त झालात हे मला दोन दिवस उशिरा कळलं. निरोपाला यायला हवं होतं, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

बारावीला कागलहून पहाटेची एसटी धरून कोल्हापूरला क्लासला यायचे, तिथून कॉलेज. क्लासात सहा तीव्र आम्लांची नावं पाठ करून घेतली होती. मी एकदा विचारलं, 'हायड्रोफ्लोरिक काच खातं, मग ते सौम्य कसं?' उत्तर आलं, 'यादीत नाही म्हणून. बस खाली.' वर्ग हसला. एवढी फी घेऊन असं उत्तर! राग अजून गेलेला नाही. त्यानंतर मी तिथं तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्ही चंचुपात्रं विसळत होता. माझा चेहरा बघून म्हणालात, 'काय गं, कुठं अडलंय?'

एका चंचुपात्रात तुम्ही हायड्रोक्लोरिक घेतलंत, दुसऱ्यात ॲसेटिक, दोन्ही सारख्याच प्रमाणात, ०.१ मोलर. पेन्सिलीच्या शिसाच्या दोन कांड्या, नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा एलईडी. पहिल्यात लख्ख पेटला. दुसऱ्यात मला काहीच दिसेना, खिडकीतून दुपारचं ऊन थेट टेबलावर येत होतं. तेव्हा तुम्ही हात पुसलेत आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा त्या एलईडीला केलात. मी वाकून डोकावले. आत मिणमिणता लाल ठिपका होता. मला नीट दिसेपर्यंत तुम्ही हात हलवले नाहीत. कॉस्टिक सोडा आणि अमोनियालाही तसंच केलंत.

'आम्लाचे सुटे झालेले कणच पाण्यातनं वीज नेत्यात. सीबीएसला, मोठ्या स्टँडला, गाडी लागली की सगळी माणसं उतरत्यात, ते हायड्रोक्लोरिक. फाट्यावर थांबली तर शंभरातला एखादाच उतरतोय, ते ॲसेटिक. गाडीत माणसं किती, हा प्रश्न येगळा.' तीव्र (किती सुटतात) आणि संहत (पाण्यात आम्ल किती) यांतला माझा घोळ तिथंच सुटला. हायड्रोफ्लोरिकचंही कळलं: फ्लोरीन हायड्रोजनला घट्ट धरून ठेवतो, पाण्यात थोडेच रेणू सुटे होतात, म्हणून ते सौम्य. काच खाणं हा फ्लोरीनचा गुण, त्याचा तीव्रतेशी संबंध नाही.

तुम्हाला शिकवायचा पगार नव्हता. कुणी सांगितलंही नव्हतं. पोरगी अडलीय, एवढंच तुम्हाला पुरलं. अशी माणसं प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक ऑफिसात एखादी तरी असतात, आणि त्यांचं नाव कुठल्याच फलकावर नसतं.

आता मी बीएस्सीला आहे, रसायनशास्त्रच घेतलंय. रविवारी तुमच्या घरी येते. आईनं गुऱ्हाळावरची काकवी भरून ठेवलीय तुमच्यासाठी.

तुमची,
कागलची पोरगी