पिन माझ्या मुलानं वाकवली नव्हती

नमस्कार काका,

गेल्या शनिवारी मांडीवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन रिक्षातून पुण्याच्या तपकीर गल्लीत, तुमच्या दुकानापाशी उतरलेली ती बाई मी. सराफाच्या रिकाम्या डबीत प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप, ठेवला होता, आणि मागे मान खाली घालून उभा होता तो माझा मुलगा. तुम्ही त्याच्या हातात भिंग दिलंत. त्या भिंगासाठी हे पत्र लिहिते आहे. त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि माझा गळाही दाटून आला होता, त्यामुळे नीट काही बोलता आलं नाही.

हा कॉम्प्युटर त्यानं आठवीत असताना स्वतःच्या हातानं जोडला होता. आजोबांनी दिलेले पैसे, वाढदिवसाची पाकिटं आणि थोडे माझे, असं करून जमवलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, तो ज्यावर बसतो तो बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम. ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ झालीत, कारण तीन वर्षं घरात तीच ऐकतेय. यंदा अकरावीची परीक्षा संपली आणि गेम अडकायला लागले. मग घरात एकच चर्चा सुरू झाली, प्रोसेसर बदलायचा की आहे तोच ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचा?

पहिल्या दुकानात मशीन चालूसुद्धा केलं नाही. ‘२०१८चा प्रोसेसर आहे, भंगार झाला. बोर्ड, रॅम, सगळंच बदला,’ म्हणाले आणि ४८ हजारांचा कागद माझ्या हातात ठेवला. मुलगा काही विचारायला गेला तर त्याच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, आहे तोच पळवून देतो. पळवला. त्याच संध्याकाळी वीस मिनिटांत मशीन बंद पडलं. परत नेल्यावर त्यांनी कूलर, म्हणजे प्रोसेसरला थंड ठेवणारा त्याच्यावरचा पंखा, असा काही खेचला, की त्याला चिकटून प्रोसेसरही बाहेर आला. मग प्रोसेसरच्या खालच्या पिना बघून माझ्यासमोर म्हणाले, ‘वाकल्यात. पोरानं जोडताना वाकवल्या असतील.’

काका, त्यानंतर चार दिवस हा मुलगा जेवायला बसायचा आणि न बोलता उठायचा. एकदाच म्हणाला, ‘आई, माझ्याच हातून झालं असेल का गं?’

तुम्ही डबी उघडलीत आणि सगळ्यात आधी त्याला खुर्ची दिलीत. मला नाही, त्याला. भिंग त्याच्या हातात दिलंत, दिवा जवळ ओढलात आणि म्हणालात, ‘बघ. १३३१ पिना आहेत. कडेच्या ओळीतल्या या दोनच वाकल्यात, आणि दोन्ही एकाच बाजूला. आता मला सांग, वाकलेल्या पिनांचा प्रोसेसर बोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसतो का?’ तो म्हणाला, ‘नाही बसत.’ ‘मग तीन वर्षं मशीन कसं चाललं?’

त्यानं भिंगातून मान वर केली. त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही. तुम्ही त्याला ‘तुझी चूक नाही’ असं म्हणाला नाहीत. त्याचं त्याला दिसेल असं केलंत.

मग शिसं काढलेल्या पॉइंट फाइव्हच्या पेन्सिलीच्या टोकात एकेक पिन धरून तुम्ही ती सरळ केलीत. तेवढा वेळ दुकानातलं गिऱ्हाईकही गप्प उभं होतं.

पुढचं सगळं बोलणंही तुम्ही त्याच्याशीच केलंत. कोणते गेम खेळतोस, मॉनिटर किती हर्ट्‌झचा, अडकतं ते केव्हा? आधीच्या दोघांपैकी कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. आणि निघालं काय, तर ३२०० वेगाची रॅम पहिल्या दिवसापासून २१३३वरच चालत होती, कारण बायोसमधली, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्राममधली, एक सेटिंग कधी चालूच केली नव्हती. रायझनच्या आतल्या भागांचा आपसातला वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तो असा ऐकत होता, की वर्गात ऐकत असेल का अशी मला शंका आली. कूलरच्या पंख्यात तीन वर्षांची धूळ होती आणि कूलर आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ओव्हरक्लॉक तुम्ही काढून टाकलंत. व्होल्टेज वाढवलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. चाळिशीला टेकलेल्या उन्हाळ्यात, या छोट्या कूलरवर, चार-पाच टक्क्यांसाठी एवढी आग कशाला, असं तुमचं म्हणणं.

आणि प्रोसेसर? ‘आत्ता काहीच घेऊ नकोस,’ म्हणालात. ‘बारावी झाल्यावर वाटलंच तर रायझन ५ ५६०० घे. आधी हाच प्रोसेसर असताना बायोस नवीन कर, मग याच बोर्डावर तो बसेल. कोर सहाच, पण कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६च्या जागी ३२ एमबी आणि वीज तेवढीच, ६५ वॉट.’ विकायला माल मागच्या फळीवर होता, मला दिसत होता. तुम्ही तीनशे रुपये घेतलेत.

मी पतसंस्थेत काउंटरला बसते. समोरच्याला यातलं कळत नाही हे एकदा लक्षात आलं, की काही माणसांचा आवाज कसा बदलतो, ते रोज बघते. फॉर्म कुठे भरायचा हे विचारणाऱ्या आजींशी कुणी तुसडेपणानं बोललं, की मला आतून तुटतं. तुमचा आवाज बदलला नाही. मला अर्धं कळत होतं, मुलाला सगळं कळत होतं, आणि तुम्ही दोघांशी सारख्याच आदरानं बोललात. अशी माणसं पेठांमध्ये अजून आहेत, वरच्या माडीवर, पाटीसुद्धा नीट न दिसणाऱ्या दुकानात बसलेली. त्यांच्या जिवावर माझ्यासारख्यांचं चालतं.

काल शेजारच्या मुलाचा कॉम्प्युटर आमच्याकडे आला होता. माझा मुलगा त्याला म्हणाला, ‘थांब, आधी दहा मिनिटं गेम चालव, पेस्ट मऊ होऊ दे.’ मग मशीन बंद करून कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवला. प्रोसेसर जागच्या जागी राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला.

यंदाचं कैरीचं लोणचं घातलंय. मुरलं की बरणी घेऊन तो स्वतः येईल.

तुमची आभारी,
डबीवाल्या मुलाची आई