मोबाइल कपाटात ठेवून काय होणार?

शहापूर, बेळगाव

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार. तू पोरीचा मोबाइल कपाटात ठेवलास आणि तिनं अबोला धरला, यात नवल ते काय! आमच्या पुतणीची तीच तऱ्हा. गणपतीत नऊवारीतला फोटो टाकला आणि जेवताना दर घासाला डोळा मोबाइलवर. वर्गातल्या दुसरीला जास्त लाइक पडले, म्हणून रात्री फोटोच काढून टाकला. वहिनींनी विचारलं, "काय करूलीस गं?" तर म्हणते, "काही नाही की."

२०२१ साली फ्रान्सिस हॉगन या फेसबुकमध्येच काम केलेल्या बाईंनी तिथली कागदपत्रं बाहेर काढली. इन्स्टाग्रामही त्याच कंपनीचं. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राम बघून ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के मुलींनी सांगितल्याचं कंपनीच्याच पाहणीत होतं. म्हणजे कंपनीला ठाऊक होतं. तरी सगळं खापर मोबाइलवर फोडू नये. आपल्या मंड्या जिल्ह्याशी नातं असलेले डॉ. विवेक मूर्ती अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे आरोग्याचे मोठे सल्लागार असताना २०२३ मध्ये त्यांनी इशारा दिला, की सोशल मीडियावर दिवसाला ३ तासांहून जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांत नैराश्य आणि चिंतेचा धोका दुप्पट दिसतो. पण आधीच खचलेलं पोर मोबाइलमध्ये जास्त तोंड खुपसतं, असंही असेल की.

इथल्या सुवर्णसौधजवळच्या हलगा गावात संध्याकाळी ७ ते ९ टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं गावानं ठरवलं. मला आवडलं ते एवढ्यासाठी, की मोठ्यांनीही मोबाइल खाली ठेवायचा. पण पोरं खरी जागतात ती अकरानंतर, पांघरुणात. झोपेचं खोबरं तिथं होतं. म्हणून आम्ही रात्री सगळ्यांचे मोबाइल सोप्यात, बाहेरच्या खोलीत, चार्जिंगला लावतो. पोरगी चटकन तयार झाली. दादाच अडून बसला होता, पतसंस्थेच्या ग्रुपवरचे मेसेज कोण बघणार म्हणून!

तू तो मोबाइल आधी पोरीला परत दे. मग स्वतःचा सोप्यात ठेव आणि तिलाही ठेवायला सांग. कुणी काही घाण लिहिलंय का, फोटोवरून कुणी छळतंय का, हे वहिनींना हळूच विचारू दे. तुला ती सांगायची नाही. जेवण तुटलं, मैत्रिणी तुटल्या, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा आली, तर मात्र थांबू नकोस. १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

शिवजयंतीच्या चित्ररथांना तिला घेऊन ये. दोघी पोरी रात्रभर हिंडतील, रीलही काढतील. काढू देत.

तुझा,
अनंत