डिशला अर्थिंग न करताच ‘काम पूर्ण’ अशी नोंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या तंत्रज्ञाने आमच्या गच्चीवर डिश बसवली आणि टीव्हीवर चित्र दिसताच काम पूर्ण झाल्याची नोंद करून तो निघून गेला. डिशला अर्थिंग केलेलेच नव्हते. ग्राहक सेवा केंद्राला फोन केला की दर वेळी विचारतात, “सिग्नल येतोय ना?” सिग्नल उत्तम येतो. डिश कठड्याला पक्की बसली आहे, तिची दिशाही अचूक आहे. तक्रार त्याबद्दल नाहीच.

अर्थिंगचे विचारल्यावर तंत्रज्ञ म्हणाला, “टीव्हीच्या प्लगला तिसरी पिन असते, तेवढं पुरे.” हे साफ चूक आहे. सेट-टॉप बॉक्सच्या अॅडॉप्टरला दोनच पिना आहेत. आणि टीव्हीला तिसरी पिन असली, तरी डिशकडून आलेला विजेचा लोट जमिनीत जाण्याआधी बॉक्स आणि टीव्हीमधूनच जाणार. तो घरात शिरण्याआधी, बाहेरच जमिनीत उतरावा, यासाठी तर अर्थिंग असते.

थेट डिशवर वीज कोसळली तर अर्थिंग असूनही उपकरणे वाचतील याची खात्री नाही, हे मला ठाऊक आहे. पण जवळपास वीज पडली तरी केबलमध्ये विजेचा दाब उसळतो, वादळी हवेत डिशवर स्थिर विद्युतभारही साचतो. त्यांना वाट करून देणे तुमच्या हातात आहे.

तक्रार लावून धरल्यावर दुसरा तंत्रज्ञ आला. त्याने डिशच्या खांबाला हिरवी वायर गुंडाळली, तीही रंगावरूनच. रंग खरवडून धातू उघडा करण्याचे कष्ट घेतले नाहीत. वायरचे दुसरे टोक त्याने गच्चीवरून खाली जाणाऱ्या पाइपला आवळून बांधले. तो पाइप पीव्हीसीचा आहे! प्लास्टिकमधून वीज जमिनीत कशी उतरणार? तरीही कामाच्या पावतीवर ‘अर्थिंग केले’ असे लिहिले आहे. मुळात अर्थिंग नव्हते त्यापेक्षा मला हे जास्त गंभीर वाटते, कारण अशी पावती वाचून एखादा ग्राहक निर्धास्त राहील. पावतीची प्रत आणि दोन्ही टोकांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आता फोनवर सांगतात, डिशजवळ वेगळी सळई ठोकून देऊ. नुसती सळई नको. ती घराच्या मुख्य अर्थिंगला जोडली नाही, तर दोन अर्थिंगच्या दाबात फरक पडून केबलच्या आतल्या धातूच्या जाळीतूनच प्रवाह वाहू शकतो. म्हणून खांबापासून मुख्य अर्थिंगपर्यंत जाड तांब्याची वायर शक्य तितकी आखूड आणि सरळ टाकावी. केबल घरात शिरते तिथे बाहेरच ग्राउंडिंग ब्लॉक (केबलची जाळी अर्थिंगला जोडणारा धातूचा जोड) बसवून तोही त्याच अर्थिंगला जोडावा. त्याच फेरीत केबलला भोकाच्या खाली झोळ द्यावा, सध्या पावसाचे पाणी तिच्यावरून थेट भिंतीत उतरते.

हे काम अर्थिंग समजणाऱ्या माणसाकडून, कोणतेही शुल्क न आकारता करून द्यावे. खांब ते मुख्य अर्थिंग जोडणी अखंड असल्याचे माझ्यासमोर मीटरने तपासावे आणि रीडिंग पावतीवर लिहावे. आधीची पावती रद्द केल्याचे लेखी कळवावे आणि मी सही करेपर्यंत ही तक्रार बंद करू नये.

आपली ग्राहक
(सही)