विन्या, शिव्या नंतर घाल

नागपूर,
१४ फेब्रुवारी

प्रिय विन्या,

सात महिने ना पत्र, ना फोन. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो तर दहावीपासूनच.

जैसलमेरला बावीस दिवस राहून आलो. सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटांपेक्षा जीपाच जास्त, म्हणून खुरी गावाच्याही पुढे एका ढाणीत, म्हणजे छोट्याशा वस्तीत, मुक्काम टाकला. तिथं पाणी बेरीचं, म्हणजे वाळूत खणलेल्या अरुंद विहिरीचं. पावसाचं पाणी वाळूतून मुरतं, खाली जिप्समच्या थरावर अडतं आणि खोलवरच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, म्हणून गोडं राहतं. बेरीचं तोंड एवढंसं की बादली कशी जाते तेच कळेना. वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत. आपल्याकडे २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शंभरावर तर काही तासांतच पडला होता. (तुझ्या आत्याचा सोफा आठवतो ना? अजून वास मारतो म्हणे.)

तर तिथली एक म्हातारी. पहिल्याच दिवशी तिनं लोटाभर पाणी दिलं, मी गटागटा संपवलं. मग कॅमेरा काढला तर तिनं ओढणी हनुवटीपर्यंत ओढली आणि हातानंच नको म्हणाली. ठीक आहे म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या आड दोनशेची, लांबून टिपणारी लेन्स लावून तासभर बसलो बे. ती दोर ओढत होती, दोन्ही हात गुंतलेले. वारा आला, ओढणी सरकली. एकच फ्रेम.

फोटो उत्तम आहे, हीच तर भानगड आहे. प्रदर्शनात लोक त्याच्यासमोरून हलेनात. आता एका हॉटेलवाल्याला तो लॉबीत लावायला हवाय, आकडाही बरा सांगतोय. वहीत शटर, अ‍ॅपर्चर, वेळ, सगळं टिपलेलं. तिचं नाव नाही.

तुला काटोलची आजी आठवली असेल. डोक्यावरचा पदर घसरला तेव्हाचा तो फोटो तू माझ्यासमोर टराटरा फाडलास आणि आठ महिने बोलला नाहीस. मी तुला अडाणी म्हटलं होतं, कलेतलं काय कळतं तुला वगैरे. आता ते आठवलं की कान गरम होतात. आणि आजी गेल्यावर तूच निगेटिव्ह मागायला आलास, तेव्हा मी म्हणालो, हरवली.

हरवली नव्हती. रागानं दिली नाही. नंतर सांगायची लाज वाटत गेली.

सोबत पाठवतोय. वरचा कोपरा जरा बुरसलाय, प्रिंट नीट माणसाकडून काढ.

होळीनंतर पुन्हा ढाणीत जाईन म्हणतो, मोठी प्रिंट घेऊन. तिनं फाडली तर फाडली. हॉटेलवाल्याला तोवर थांब म्हटलंय. थांबेल असं वाटत नाही, आणि खरं सांगू, पैसे लागतातच आहेत. तू काय म्हणशील ते लिही. उपदेश कर, यावेळी ऐकतो.

पोरीची बारावी कधी सुरू होतेय? वहिनींची बदली थांबली का? पुण्यात तर्री पोहे मिळत नाहीत हे रडगाणं मात्र नको, दर पत्रात वाचलंय.

तुझा,
बाळ्या